जुन्या जीप-जिप्सीच्या वायरिंगमधला फॉल्ट घरच्या घरी कसा शोधायचा

गोव्यात जुनी जिप्सी नाहीतर महिंद्राची जुनी जीप घेतली की पहिला पावसाळा गेल्यावर हे प्रश्न येतातच, एका बाजूची हेडलाईट मंद, इंडिकेटर दिला की टेल लॅम्पपण लुकलुकते, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, आणि सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक. मग कोणीतरी सांगतं पूर्ण वायरिंग काढून नवीन टाका. थांबा जरा, बहुतेक वेळा त्याची काही गरज नसते. वायरच्या आतलं तांबं वीस-तीस वर्षं आरामात निघतं, खराब होतात ते जोड, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा), कपलर (दोन वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) आणि अर्थचे, म्हणजे मायनसची वायर बॉडीला जोडणारे, बोल्ट. ते कसे शोधायचे तेवढंच इथे सांगतोय, ज्यांनी आधी कधी मल्टीमीटर हातात धरला नाही त्यांच्यासाठी.

आपल्याकडे हे जास्त का होतं ते आधी समजून घ्या. वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस, वाळपईकडे तर त्याहून जास्त, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. मोरजी-हरमल किंवा बाणावलीकडे गाडी उभी असेल तर खारा वारा बारा महिने. आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागात लाल माती, ती उन्हाळ्यात पिठासारखी प्रत्येक फटीत जाते आणि पाऊस पडला की तिथेच ओली होऊन बसते. अशी ओल धरलेली माती लोखंडी बॉडी आणि पितळी लगच्या मध्ये असली की करंट पूर्ण अडत पण नाही आणि नीट जात पण नाही. नवीन माणसाला फसवणारा फॉल्ट हाच.

जुन्या गाडीचं वायरिंग खरंतर सोपं असतं. बॅटरीच्या प्लसमधून करंट निघतो, फ्युजमधून स्विचकडे, तिथून बल्बला, आणि बल्बमधून गाडीच्या बॉडीतून परत बॅटरीच्या मायनसला. बिघाड तीनच प्रकारचे, एक तर रस्ता कुठेतरी तुटलाय, किंवा मध्येच बॉडीला चिकटून शॉर्ट झालाय, किंवा रस्ता आहे पण जोड गंजल्यामुळे पुरेसा करंट जात नाही. आपल्या गोव्यात तिसरा सगळ्यात जास्त भेटतो आणि लोक शोधत बसतात पहिला.

सामान काय लागेल

साधा डिजिटल मल्टीमीटर, भारीतला नको. एक टेस्ट लॅम्प, म्हणजे 12 व्होल्टचा जुना बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि एका टोकाला चिमटा, हा घरीच बनतो. 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट वेगळा ठेवा, पुढे त्याचं मोठं काम आहे. 10 आणि 12 नंबरचा पाना, पॉलिश पेपर, छोटा वायर ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, व्हॅसलीन, चांगल्या प्रतीचे लग आणि ते दाबायचा क्रिम्पिंग पकड, हीट श्रिंक स्लीव्ह. म्हापसा, फोंडा, मडगाव कुठेही ऑटो स्पेअरच्या दुकानात आणि हार्डवेअरमध्ये मिळून सगळं होतं. आणि एक वही. वहीशिवाय सुरू करू नका, कुठली वायर कुठून काढली ते लिहून ठेवा, काढण्याआधी मोबाईलवर फोटो मारा.

वायरच्या रंगावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. कंपनीने दिलेले रंग एक असतात आणि गाडी चार हातांतून गेलेली असते, कोणी फॉग लॅम्प लावले, कोणी स्टिरिओ, कोणी जो रंग हाताला लागला त्याने जोड मारला. आपल्या गाडीत ती वायर खरंच कुठे जाते ते मीटर लावून बघा आणि वहीत तसंच लिहा.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या. बॅटरी सोडवताना आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी. कारण प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असला तर पूर्ण बॅटरीचा करंट त्या पान्यातून जातो, पाना लाल होतो, हातात अंगठी किंवा कडं असेल तर काय होईल ते सांगायला नको. दुसरं, बॅटरीजवळ विडी-सिगारेट नाही, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. पेट्रोल जिप्सी असेल तर कार्ब्युरेटरजवळ कुठे गळती नाही ना तेपण आधीच बघून घ्या, वास येत असेल तर वायरिंगला हात नंतर.

पायरी 1: बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी काही चालू न करता मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन पोलवर लावा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे आधी चार्जिंगला लावा आणि मगच पुढचं काम. अर्ध्या बॅटरीवर फॉल्ट शोधत बसलात तर प्रत्येक रीडिंग चुकीचं येणार.

आता कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघा. 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी थकलीय. 11 च्या वरच राहिला आणि तरी सेल्फ नुसतं टक करतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे पण करंट तिकडे पोचत नाहीय. अशावेळी मीटरची एक पिन बॅटरीच्या पोलवर टेकवा, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, आणि दुसरी त्यावर बसलेल्या टर्मिनलवर, परत सेल्फ मारा. दोघांच्यात जवळपास शून्य यायला पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दाखवला तर दोष तिथेच सापडला, त्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीत. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग आवळायचं नाही.

पायरी 2: अर्थ, आणि इथे घाई नको

माझ्या मते जुन्या जीपचे निम्म्याहून जास्त विचित्र फॉल्ट अर्थचे असतात, म्हणून याच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

ह्या गाड्यांत बॉडी, चॅसी आणि इंजिन हे तीन वेगवेगळे तुकडे आहेत. इंजिन रबर माउंटिंगवर बसलंय, बॉडीच्या खाली पण रबर किंवा पॅकिंग आहे, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणजे बॅटरीचा मायनस या तिघांनाही पोचला पाहिजे, त्यासाठी जाड अर्थ केबल किंवा विणलेली पट्टी असते. इंजिन उतरवून काम केलं की नेमकी ही पट्टी परत लावायची राहते, किंवा ती गंजून धाग्यावर आलेली असते. मग सेल्फचा करंट परत यायला दुसरी वाट शोधतो, चोकची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, जे धातूचं मिळेल ते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम होत असेल किंवा तिच्या कव्हरमधून धूर येत असेल तर केबल बदलून काही होणार नाही, इंजिनची अर्थ पट्टी बघा.

तपासायचं कसं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस पोलवर. लाल पिन इंजिनच्या घासलेल्या लोखंडावर, रंगावर नाही. सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे, जितकं कमी तितकं चांगलं. मग सेल्फ बंद, हेडलाईट-पार्किंग-हॉर्न सगळं चालू करून लाल पिन बॉडीला, चॅसीला, मागच्या टेल लॅम्पच्या अर्थला. इथे 0.2 च्या आत. एक व्होल्ट दिसला तर त्या भागाची अर्थ गेली.

इंडिकेटर दिल्यावर टेल लॅम्प लुकलुकणं, ब्रेक दाबला की पार्किंग मंद होणं, ही खराब अर्थची पक्की खूण आहे. मागच्या लॅम्पला परत जायला स्वतःची वाट मिळाली नाही की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून जातो आणि दोघं मिळून मंद पेटतात. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा, बदलून हे जाणार नाही.

टेल लॅम्पचा अर्थ बोल्ट उघडून बघितला की सगळं कळतं. वरून तो व्यवस्थित आवळलेला दिसतो. पाना लावला की आधी कट्‌ करून आवाज, मग लालसर चुरा खाली पडतो, लग उचलला तर त्याच्या खालची बाजू काळपट तपकिरी आणि बॉडीवर लगच्या आकाराचा गोल गंज, मधोमध कुठेतरी तांदळाच्या दाण्याएवढीच जागा चकचकीत. पूर्ण लॅम्पचा करंट तेवढ्यातूनच जात होता. लग आणि बॉडी दोन्ही पॉलिश पेपरने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, आवळा, मग त्याच्यावर ग्रीस किंवा रंगाचा हात द्या म्हणजे ओल शिरणार नाही. एकाच सकाळी सगळे अर्थ पॉईंट असे करून घेतले तर पुढच्या निम्म्या पायऱ्या वाचतात बघा.

पायरी 3: फ्युज आणि शॉर्ट

फ्युज नुसता डोळ्याने बघू नका. जुन्या प्रकारच्या उघड्या फ्युजला आतून केसाएवढी चीर असते, ब्लेड फ्युजच्या पायांवर हिरवट थर असतो. फ्युज जागेवर ठेवून चावी ऑन करा आणि टेस्ट लॅम्पचा चिमटा अर्थला लावून दुसरं टोक फ्युजच्या दोन्ही बाजूला टेकवा. दोन्हीकडे सारखा पेटला तर ठीक. एका बाजूला पेटला आणि दुसरीकडे नाही तर फ्युज गेला किंवा पकड सैल झाली. फ्युज बॉक्समधल्या पितळी पकडी पण घासून, हलकेच दाबून घट्ट करा.

फ्युज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. ब्लेडमध्ये लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. परत उडाला तर मोठा टाकायचा नाही, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार तर कधीच नाही, त्या क्षणापासून फ्युजच्या जागी वायर वितळणार आणि डॅशबोर्डच्या मागे आग लागली की जीप वाचत नाही.

आता तो 21 वॅटचा बल्ब काढा. उडालेल्या फ्युजच्या जागी हा बल्ब जोडा आणि त्या लाईनवरचे सगळे बल्ब, हॉर्न, मोटर जे असेल ते काढून ठेवा. शॉर्ट असेल तर हा बल्ब लख्ख पेटेल, पण तोच करंट दोन अँपिअरच्या आत धरून ठेवतो, त्यामुळे काही जळत नाही आणि फ्युजची पाकिटं संपत नाहीत. बल्ब पेटलेला असताना एकेक कपलर सोडत जा, लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवत जा. ज्या क्षणी बल्ब विझला, त्याच्या पुढे शॉर्ट आहे. बघायच्या जागा ठरलेल्या, फायरवॉलमधून वायर जाते तिथलं रबर ग्रोमेट झिजलेलं, मागच्या दरवाजाच्या बिजागरीजवळ, चॅसीच्या क्लिपखाली, सायलेन्सरच्या वरून गेलेली वायर, आणि सीटच्या नटाखाली दबलेली.

पावसात उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि लूम कुरतडतात, हे घराघरातलं आहे. एअर क्लीनरच्या आजूबाजूला आणि डॅशबोर्डखाली काजूची टरफलं किंवा गवत दिसलं की तिथूनच शोध सुरू करा.

पायरी 4: सप्लाय आहे पण चालत नाही

इथे नवीन माणूस हमखास अडकतो. बल्बचा होल्डर काढून मीटर लावला, 12 व्होल्ट दाखवतो, बल्ब नवीन आहे, तरी पेटत नाही किंवा अगदी मिणमिणता. कारण असं की मीटर स्वतः करंट जवळजवळ खातच नाही, त्यामुळे वायरचा एक धागा जरी शिल्लक असला तरी तो पूर्ण 12 दाखवणार. लोड दिला, म्हणजे बल्ब लावला, की त्या एका धाग्याला तेवढा करंट झेपत नाही आणि व्होल्टेज तिथेच पडतं. म्हणून टेस्ट लॅम्प पाहिजे, आणि म्हणून मीटर लावायचा तो बल्ब चालू असतानाच.

बल्ब होल्डरमध्ये ठेवून चालू करा. मीटरची लाल पिन बॅटरी प्लसला, काळी पिन बल्बच्या प्लस पायाला. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल, जुन्या गाडीत त्याहून थोडं जास्त पण येतं. दोन व्होल्ट आले तर वाटेत कुठेतरी अडलंय. मग टोकापासून टोकापर्यंत एकेक जोड तपासत बसू नका, मध्यावर जा, समजा फ्युज बॉक्सच्या बाहेर पडणारी वायर. बॅटरीपासून तिथपर्यंत ठीक आहे? मग दोष पुढच्या अर्ध्यात. त्या अर्ध्याचा परत मध्य. तीन-चार वेळा अर्ध केलं की एका कपलरवर किंवा स्विचवर येऊन पोचता.

कपलर उघडला आणि आत हिरवं दिसलं तर क्लीनर मारून घासा. पण वायर कपलरमध्ये शिरते तिथे थोडं सोलून पण बघा. तांबं लाल चकचकीत असेल तर नुसता नवीन लग पुरे. काळं पडलेलं असेल तर मागे मागे कापत जा, कधीकधी पाणी इन्सुलेशनच्या आतून बोटभर, वीतभर वर चढलेलं असतं आणि बाहेरून वायर नव्यासारखी दिसते. काळ्या तांब्यावर ना सोल्डर धरतो ना लग. लाल तांबं लागेपर्यंत कापा आणि तेवढा नवीन तुकडा जोडा.

2000 नंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली, जिप्सी असेल तर एक काळजी घ्या, ईसीएमकडे (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) जाणाऱ्या वायरींना बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, तिथे फक्त मल्टीमीटर. कार्ब्युरेटरवाली जिप्सी किंवा जुनी डिझेल जीप असेल तर हे टेन्शन नाही.

पायरी 5: चार्जिंग, आणि रात्रीत उतरणारी बॅटरी

गाडी चालू करा, थोडी रेस द्या, बॅटरीवर 13.8 ते 14.4 आलं तर अल्टरनेटर काम करतोय. 13 च्या खालीच राहिला तर आधी बेल्ट, मग अल्टरनेटरच्या जाड वायरचा नट, मग रेग्युलेटर आणि ब्रश. पाण्यातून, चिखलातून जाणाऱ्या गाडीत ब्रश लवकर जातात, कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपांसारखं ओढे ओलांडायचं काम असेल तर हे डोक्यात ठेवा. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला, तशी गाडी चालवू नका, बॅटरी उकळते आणि बल्ब पटापट जातात. अजून एक छोटी गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते, चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरची चार्जिंगची लाल लाईट पेटायलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, बल्ब उडाला तर चांगला अल्टरनेटर पण चार्ज करत नाही.

बॅटरी रात्रीत उतरत असेल तर चावी काढा, सगळं बंद, मायनस टर्मिनल सोडवा आणि मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटला लावून पोल आणि केबलच्या मध्ये जोडा. या स्थितीत सेल्फ मारायचा नाही हां, मीटरचा फ्युज जाईल. स्टिरिओची मेमरी वगैरे धरून 50 मिलिअँपिअरच्या आत ठीक, साध्या जीपमध्ये तर शून्यच्या जवळ. जास्त असेल तर एकेक फ्युज काढत जा, आकडा कुठे पडतो बघा. सगळे फ्युज काढून पण पडत नसेल तर बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर वेगळी करा, तिला इन्सुलेशन लावून परत बघा, आकडा गेला तर अल्टरनेटरच्या आतला डायोड लीक आहे.

जोड मारताना

पिळून वर टेप, हे आपल्याकडे चालत नाही. मे महिन्याच्या उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि जूनमध्ये तोच टेप पाणी धरून ठेवतो. लग नीट दाबा, ओढून बघा, मग आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. घराच्या वायरिंगची उरलेली वायर वापरू नका, इंजिनची उष्णता आणि ऑईल तिला सोसत नाही, ऑटोची मल्टीस्ट्रँड घ्या, साध्या बल्बला 1 स्क्वेअर मिमी पुरते, हेडलाईटला 2.5. कपलरच्या आधी वायर थोडी खाली झुकवून परत वर न्या, म्हणजे ओघळ कपलरमध्ये न जाता खाली गळतो. कपलरच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीस.

हेडलाईट मंद आहे म्हणून 100/90 चे बल्ब टाकू नका. 60/55 चे दोन बल्ब अप्परला साधारण 10 अँपिअर घेतात, 100/90 चे 16-17, आणि तो सगळा करंट जुन्या डिपर स्विचमधून गेला की स्विचचं प्लास्टिक वितळतं. त्यापेक्षा 60/55 च ठेवा आणि लो-हायला एकेक रिले लावा, म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा डबा. 30 नंबरच्या पिनला बॅटरीपासून फ्युजमधून सप्लाय, 87 बल्बला, 86 ला स्विचची वायर, 85 अर्थला. फरक तुम्हाला चोर्ला घाटात पहिल्याच रात्री दिसेल. फक्त त्याआधी एकदा तपासा, काही गाड्यांत हेडलाईटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, तसं असेल तर 85-86 ची जोडणी बदलते, तेव्हा जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

समुद्राच्या पाण्यात किंवा बीचवर गाडी घालू नका, तो गुन्हा आहेच, आणि एकदा खारं पाणी लूममध्ये गेलं की वर लिहिलेलं सगळं परत पहिल्यापासून करावं लागतं. ओढ्यातून जाऊन आलात तर घरी येऊन गोड्या पाण्याने खालून धुवा, दुसऱ्या दिवशी उन्हात बॉनेट उघडी ठेवा, आणि मिरगाच्या आधी एकदा आणि चवथीनंतर एकदा अर्थचे बोल्ट उघडून बघा. गाडीत कायम ठेवायचं सामान म्हणजे चार-पाच फ्युज, एक रिले, एक हेडलाईटचा आणि एक 21 वॅटचा बल्ब, दोन मीटर वायर, पकड, तो घरी बनवलेला टेस्ट लॅम्प, आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये.